दिवे लागतात, मग गाडी कां सुरू होत नाहीं ?

गेल्या आषाढांत आमच्या मुलुंडच्या घरीं एक लहानसा खटला चालला. आरोपी आठ वर्षांचा, म्हणजे आमचा धाकटा नातू, न्यायाधीश आम्ही, आणि आरोप असा, कीं त्यानें आदल्या रात्रीं उभ्या मोटारींत खेळतांना आंतला दिवा चालू ठेवला, त्यामुळें बॅटरी उतरली व सकाळीं गाडी सुरू झाली नाहीं. आरोपीनें गुन्हा नाकबूल केला. आम्हीं साक्षीपुराव्याच्या भानगडींत न पडतां त्याला दोषी ठरविलें, रविवारीं बापाबरोबर गाडी धुण्याचा त्याचा मान महिनाभर काढून घेतला आणि वर एकोणतिसाचा पाढा पाठ करण्याची शिक्षा दिली. चिरंजीवांनीं त्याच दिवशीं नवी बॅटरी बसवून घेतली. गाडी तत्काळ सुरू झाली, आणि निकाल यथान्याय झाला अशी घरांतल्या सर्वांची खात्री पटली.

आरोपीनें आपल्या बचावार्थ दोन वाक्यें उच्चारलीं होतीं, तीं येथें नमूद करणें अवश्य आहे. पहिलें, "आजोबा, दिवे तर लख्ख लागताहेत, मग बॅटरी उतरली कशी ?" आणि दुसरें, "बाबांनीं चावी फिरवली तेव्हांसुद्धां दिवे मंद झाले नाहींत." लहान तोंडीं मोठा घांस म्हणून आम्हीं त्यांकडे दुर्लक्ष केलें. छत्तीस वर्षें मुलांना तर्क आणि व्याकरण शिकवून आम्हीं काय मिळविलें, असा प्रश्न वाचकांनीं विचारल्यास त्यास आमच्यापाशीं उत्तर नाहीं.

बरोबर आठ दिवसांनीं, पहांटे सहा वाजतां, तीच गाडी तशीच हटून बसली. त्या दिवशीं आमच्या थोरल्या वहिनींच्या डोळ्याची शस्त्रक्रिया घाटकोपरास ठरलेली होती. मोतीबिंदूमुळें वर्षभर त्यांचें वाचन बंद पडलें होतें. ज्ञानेश्वरी दुसऱ्याकडून वाचवून घ्यावी लागे, आणि वाचणारा एखादी ओवी गाळून पुढें गेला कीं त्या चिडत. वहिनी उपाशीपोटीं, शाल पांघरून, जिन्याखालीं उभ्या. बाहेर पावसाची झड. आणि गाडीचे दिवे दिवाळीसारखे लागलेले. चिरंजीव चावी फिरवीत, आंतून एकच 'टक्' असा आवाज येई, पुढें कांहीं नाहीं. शेवटीं कोपऱ्यावरून रिक्षा आणली. शीवपलीकडे रिक्षांस मज्जाव असला तरी आपल्या उपनगरांतून त्या आहेत, हें आपलें भाग्यच म्हणावयाचें. वहिनी जातांना म्हणाल्या, "भाऊजी, आतां बॅटरी कोणीं उतरविली ?" या प्रश्नासही आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, कारण बॅटरी नवी होती आणि आरोपी अंथरुणांत झोंपलेला होता.

नवी बॅटरी बसली व गाडी सुरू झाली, म्हणून जुनी बॅटरीच दोषी, हें अनुमान आमच्या शास्त्रांत काकतालीय म्हणून प्रसिद्ध आहे. कावळा बसावयास आणि ताडफळ पडावयास एक गांठ पडली, एवढेंच. चिरंजीवांनीं दुसऱ्या दिवशीं याहून निराळी चूक केली. ते म्हणाले, "दिवे लागतात, अर्थीं बॅटरी ठीक, बॅटरी ठीक, अर्थीं सेल्फ गेला." आतां धूर दिसल्यास अग्नि आहे असें म्हणतां येतें, परंतु अग्नि दिसला म्हणून धूर असलाच पाहिजे असें म्हणतां येत नाहीं. लोहाराच्या भट्टींतून काढलेल्या लाल गोळ्यांत अग्नि असतो, धूर नसतो. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह वाचणाऱ्या कोणत्याहि विद्यार्थ्यास हा सव्यभिचार हेतु ओळखतां येईल. सेल्फ फिरला तर दिवे लागणारच. पण दिवे लागले म्हणून सेल्फ फिरेल हें कोणीं सांगितलें?

याचें कारण आकड्यांत फार स्पष्ट दिसतें. पुढचे दोन मोठे दिवे, प्रत्येकीं ५५ वॅटचे, मिळून १२ व्होल्टांवर सुमारें ९ अँपिअर प्रवाह घेतात. आंतला लहान दिवा तर एक अँपिअरसुद्धां घेत नाहीं. परंतु थंड इंजिनाचीं अवजड अंगें हलविणारा सेल्फ, म्हणजेच स्टार्टर, घरगुती पेट्रोल गाडींतही शंभर-दीडशें अँपिअर सहज ओढतो, आणि पहिल्या क्षणीं त्याहूनही पुष्कळ अधिक. आतां असें समजा, कीं बॅटरीपासून निघालेल्या तारेच्या एका सांध्यावर गंज चढला आहे व त्याचा विरोध अवघा पांच शतांश ओहम आहे. दिव्यांचा ९ अँपिअर प्रवाह त्यांतून गेला तर ०.४५ व्होल्ट वाया जातील. दिव्याचा उजेड उणा झाला हें डोळ्यास समजणारहि नाहीं. त्याच सांध्यांतून सेल्फनें १५० अँपिअर मागितले तर साडेसात व्होल्ट सांध्यांतच खर्ची पडणार, आणि सेल्फच्या वांट्यास काय उरणार ? पाणवठ्यावरच्या चिंचोळ्या नळानें तांब्या भरतो, म्हणून त्यानें हौदहि भरेल असें कोणी समजत नाहीं. विजेच्या बाबतींत मात्र सगळेच समजतात.

म्हणून चावी फिरवितांना दिव्यांकडे पाहणें ही पहिली परीक्षा होय. तिला दोन माणसें लागतात. एकानें चावी फिरवावी, दुसऱ्यानें पुढें उभें राहून दिवे पाहावे. (कांहीं नव्या गाड्यांत सेल्फ फिरतेवेळीं पुढचे दिवे आपोआप मालवतात, तेथें आंतला दिवा पाहावा.) दिवे एकदम मंदावले किंवा विझले, आणि आंतून 'टकटकटक' असा अनेक वार आवाज आला, तर बॅटरी दुबळी आहे अथवा तिच्या टर्मिनलांवर पांढरी-हिरवट बुरशी चढली आहे. दिवे मंदावले व एकच जड ठोका पडला, तर सेल्फ किंवा इंजिन कोठें तरी अडकलें आहे. याचा विचार पुढें येईल. आणि दिवे मुळींच मंदावले नाहींत, तर मोठा प्रवाह सेल्फपर्यंत जातच नाहीं. मग दोष चावीच्या स्विचांत असेल, रिलेंत असेल, क्लच दाबल्याची वर्दी देणाऱ्या लहानशा स्विचांत असेल, सोलेनॉइडांत असेल किंवा तारेंत. स्वयंचलित गिअरच्या गाडींत दांडी एका घराहून दुसऱ्यांत नीट बसली नसली तरी हेंच होतें. ती न्यूट्रलमध्यें नेऊन चावी फिरवून पाहावी. यांपैकीं कशांतहि बॅटरी बदलण्याचें प्रयोजन नाहीं. आरोपीचें दुसरें वाक्य वाचकांस आठवत असेल. रोगाचें निदान त्यांतच होतें.

शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली. दुपारीं एक गॅरेजवाले आले. त्यांनीं 'टक्' ऐकला, मान हलविली, आणि सेल्फ उतरवून नवा टाकावा लागेल असें सांगून जो आंकडा उच्चारला तो आम्ही येथें देत नाहीं, कारण तो ऐकून आमच्या घरच्या सर्व स्त्रिया एकाच वेळीं बाहेर आल्या. त्यांत आमच्या सूनबाई होत्या. त्या पदार्थविज्ञानाच्या पदवीधर असून मुलांना तोच विषय शिकवितात. परंतु आरोपीच्या मातोश्री या नात्यानें पहिल्या खटल्यांत त्यांची साक्ष आम्हीं पक्षपाती म्हणून वगळली होती. त्या म्हणाल्या, "मामंजी, दहा मिनिटें थांबा. उतरवायचाच असेल तर मग उतरवूं." आणि कपाटांतून त्यांनीं आपला मल्टिमीटर आणला.

प्रथम त्यांनीं नुसत्या उभ्या गाडीच्या बॅटरीचा दाब मोजला, तो १२.६ व्होल्ट भरला. पूर्ण भरलेल्या, स्वस्थ बसलेल्या बॅटरीचा दाब एवढाच असतो, १२.२ च्या आसपास आली तर ती निम्मी उतरली असें समजावें. मग चावी फिरविण्यास सांगून तो पुन्हां मोजला. तो जवळजवळ हलला नाहीं. सेल्फ खरोखर प्रवाह ओढीत असता तर दाब दहा-अकरावर यावयास हवा होता, ९.६ च्या खालीं गेला असता तर बॅटरीवर संशय घ्यावयास जागा होती. "बॅटरीकडे कोणीं कांहीं मागितलेंच नाहीं," त्या म्हणाल्या. नंतर मल्टिमीटरची एक काडी बॅटरीच्या ऋण टोंकावर व दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर ठेवून त्यांनीं तिसऱ्यांदा चावी फिरवावयास लावली. या दोन ठिकाणांमध्यें जाड तार जोडलेली असते, म्हणून तेथें अर्ध्या व्होल्टाहून अधिक फरक पडूं नये. पडला नऊ व्होल्टांच्या वर.

ज्यांनीं शाळेंत विद्युन्मंडल शिकलें असेल त्यांच्या ध्यानांत आलेंच असेल. बॅटरीच्या धन टोंकाकडून जाड तार सेल्फकडे जाते हें सर्वांस ठाऊक असतें. परंतु गेलेल्या प्रवाहाला परत येण्यास वाट पाहिजे, याची आठवण फार थोड्यांना राहते. तो इंजिनाच्या लोखंडांतून, आणि इंजिनाला बॅटरीच्या ऋण टोंकाशीं जोडणाऱ्या एका तारेंतून परत येतो. इंजिन रबरी गादीवर बसविलेलें असल्यामुळें ही तार नसली तर तें विजेच्या दृष्टीनें अधांतरींच. दिव्यांचा परतीचा मार्ग मात्र गाडीच्या पत्र्यांतून निराळा असतो. म्हणून ही एक तार बिघडली तरी दिवे लख्ख, भोंगा खणखणीत, आंतला गाण्याचा पेटारा सुरळीत, आणि सेल्फ मुका.

सूनबाईंनीं दुसऱ्या गाडीवरून वीज घेण्यासाठीं वापरतात ती जाड केबल आणविली. गिअर न्यूट्रलमध्यें व हातब्रेक ओढलेला आहे याची खात्री केली, केबलीचें एक टोंक बॅटरीच्या ऋण टोंकास व दुसरें इंजिनाच्या एका भक्कम खिळ्यास लाविलें, आणि नवऱ्यास म्हणाल्या, "आतां फिरवा." गाडी पहिल्याच झटक्यास सुरू झाली. केबल काढून इंजिन बंद केलें, पुन्हां चावी फिरविली, पुन्हां 'टक्'. केबल लाविली, सुरू. आम्ही पायरीवर बसलों होतों, तेथून उठून उभे राहिलों. कारण असेल तेथें कार्य असणें हा अन्वय, कारण नसेल तेथें कार्य नसणें हा व्यतिरेक. आयुष्यभर फळ्यावर लिहिलेले हे दोन शब्द आमच्या डोळ्यांदेखत एका केबलीनें सिद्ध झाले होते. गॅरेजवाले गृहस्थहि दिलदार निघाले. त्यांनीं स्वतःच खालीं वांकून ती तार शोधली. गिअरपेटीवरचा तिचा खिळा गंजून त्याभोंवतीं हिरवें पीठ जमलें होतें. खिळा घासून, नवी तार बसवून साडेतीनशें रुपयांत काम झालें.

मग पहिल्या खेपेस गाडी सुरू कशी झाली ? बॅटरी बदलतांना तीच तार ओढली-हलविली गेली, गंजाचा पापुद्रा सुटून क्षणभर लोखंडास लोखंड लागलें, आणि श्रेय बॅटरीला मिळालें. आठ दिवस पावसानें पुन्हां आपलें काम केलें.

एवढा वेळ आम्हीं सेल्फ न फिरणाऱ्या गाडीची हकीकत सांगितली. सेल्फ जोरानें फिरतो, पण इंजिन पेटत नाहीं, हा निराळा रोग होय. या दोहोंची गल्लत केल्यानें फार पैसा जातो. त्या दुसऱ्या रोगाचें प्राथमिक शिक्षण मुंबईकरांस कुर्ल्यानें दिलें. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून बाहेर पडलेली फियाट पुढें १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नांवानें ओळखली जाऊं लागली, आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपानें प्रत्येकाच्या घरच्या लग्नामुंजीस हजर राहिली. तिचें यंत्र १०८९ घनसेंटिमीटरचें आणि स्वभाव उघडा. पावसाळ्यांत डिस्ट्रिब्युटरच्या टोपणांत ओल शिरून ठिणगी मरे. टॅक्सीवाला खालीं उतरून टोपण काढी, धोतराच्या सोग्यानें म्हणा कीं फडक्यानें म्हणा कोरडें पुशी, व गाडी चालू होई. वैशाखांत नळींतल्या पेट्रोलची वाफ होऊन पंप उपाशी राही. मग तो पंपावर ओलें फडकें ठेवून विडी ओढावयास जाई. ओल आली तर कोरडें, ऊन झालें तर ओलें, असें तें सुटसुटीत वैद्यक होतें. मुंबईंत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २००३ च्या ऑक्टोबरांतली. वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती जातच टॅक्सींतून नाहींशी झाली.

आतांच्या गाड्यांत तें टोपणहि नाहीं आणि तो पंपहि डोळ्यांपुढें नाहीं. तो पेट्रोलच्या टांकींत बुडालेला असतो. तथापि कानानें त्याची परीक्षा करतां येते. चावी सेल्फपर्यंत न नेतां अलीकडच्या खुणेवर ठेवली असतां बहुतेक पेट्रोल गाड्यांत मागच्या आसनाखालून दोन सेकंद घूं असा आवाज येतो. तो आला नाहीं तर फ्यूज, रिले व पंप या क्रमानें पाहावें. डॅशबोर्डवर किल्लीचें किंवा कुलपाचें चिन्ह लुकलुकत राहिलें तर गाडीनें चावी ओळखलेली नाहीं. चावींतली खूण वाचल्यावांचून ती इंजिन पेटूं देत नाहीं. बटणाच्या गाडींत चावीचा बारका सेल संपला असेल तर चावीच बटणास टेकवून दाबल्यानें पुष्कळदां काम भागतें. आणि आपल्या उपनगरांतल्या उंदरांस विसरूं नये. पावसाळ्यांत बिळें भरलीं, कीं ते उबेसाठीं बॉनेटखालीं बिऱ्हाड करतात व तारांचीं आवरणें कुरतडतात.

वर म्हटलेला एकच जड ठोका मात्र फार भयंकर असूं शकतो. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रुझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदी कुर्ला-कलिन्यांतून रस्त्यावर आली, आणि हजारों मोटारी पाण्यांत उभ्या राहिल्या. कांहीं माणसांचे बंद गाडींत अडकून प्राण गेले. पाणी ओसरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं मालक आपापल्या गाड्यांपाशीं गेले. पुष्कळांचे दिवे लागत होते, म्हणून त्यांनीं चावी फिरविली. हवेच्या वाटेनें पाणी सिलिंडरांत शिरलें असेल तर अशा वेळीं घात होतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. पिस्टन वर येतांना पाण्यावर आदळतो आणि त्याचा दांडा वांकतो. नुसती साफसफाई करून वांचलें असतें तें इंजिन एका चावीनें मोडींत जातें. शिवाय विम्याच्या साध्या पत्रकांत असें नुकसान सहसा भरून मिळत नाहीं, त्यासाठीं इंजिनाचें निराळें कलम घ्यावें लागतें. अंधेरीचा भुयारी रस्ता प्रतिवर्षीं तुंबतो, म्हणून ही गोष्ट जुनी म्हणून सोडतां येत नाहीं. गाडी पाण्यांत उभी होती असा नुसता संशय असला तरी एअर फिल्टर उघडून पाहावा. तो ओला असेल तर चावीस हात न लावतां गाडी ओढून न्यावी. आणि पाण्यांत गाडी बंद पडली, पाणी दारापर्यंत चढूं लागलें, तर निदान करीत बसूं नये. कांच खालीं होते आहे तोंवर बाहेर पडावें.

घरीं हे प्रयोग करणाऱ्यांस दोनच गोष्टी सांगतों. बॅटरीजवळ हायड्रोजन वायु साठलेला असूं शकतो, म्हणून तेथें ठिणगी पाडूं नये व हातांतली अंगठी आधीं काढावी, पाटल्या-बांगड्याहि. आणि सेल्फच्या टोंकांस पेचकस लावून गाडी उठविण्याची जी युक्ति कांहीं मिस्त्री दाखवितात, ती पाहूं सुद्धां नये. गिअरमध्यें राहिलेली गाडी समोरच्या माणसाच्या अंगावर जाते.

राहिली खटल्याची गोष्ट. सूनबाईंनीं अपील केलें नाहीं. आम्हींच निकाल फिरविला, आणि भरल्या पंगतींत आरोपीची क्षमा मागितली. त्यानें ती दिली, परंतु एकोणतिसाचा पाढा तोंवर पाठ झाला होता, त्याची भरपाई म्हणून मल्टिमीटर हाताळावयास मागितला. पुढच्या रविवारीं तो बापाबरोबर गाडी धूत होता. वहिनी काळा चष्मा लावून दुसऱ्या मजल्याच्या सज्जांत खुर्ची टाकून बसल्या होत्या. धुणें संपल्यावर त्यांनीं वरून हांक मारली, कीं मागच्या पाटीवरच्या दुसऱ्या आंकड्यावर चिखल राहिला आहे. मुलानें जाऊन पाहिलें. राहिला होता.